सैनिकांच्या तळावरचे संगीत पुन्हा वाजवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात राहते आणि गेली काही वर्षे दांडीवर सतारीसारखे पडदे नसलेला, कातड्याने मढवलेला जुन्या घडणीचा बँजो वाजवते. आमचा चौघांचा छोटा ताफा आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटलेली दक्षिणेची राज्ये आणि उत्तरेची राज्ये यांच्यातल्या युद्धात, सैनिक तळावर बसून जे संगीत वाजवत, ते आम्ही शक्य तितके त्या काळच्या रीतीने वाजवतो. कार्यक्रमानंतर मराठी श्रोते आवर्जून थांबतात आणि जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

हे नेमके कोणते संगीत आहे? लष्करी बँड म्हणजेच का?

नाही. लष्करी बँड वेगळा आणि तळावरचा ताफा वेगळा. युद्धाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या बहुतेक पलटणींबरोबर पितळी वाद्यांचे पगारी बँड होते. तो खर्च इतका वाढला, की जुलै १८६२ मध्ये कायदा करून स्वयंसेवक पलटणींचे बँड बंद करण्यात आले आणि मोठ्या तुकड्यांपुरतेच ते राखले गेले. संचलन, सलामी, कूच ही त्या बँडची कामे होती.

तळावरचे संगीत कोणाच्या हुकमाचे नव्हते. दिवसभराची कवायत संपली, शेकोटी पेटली, की ज्याच्याजवळ फिडल असे तो ती काढी, दुसरा बँजो घेई, तिसरा बैलाच्या बरगडीची हाडे बोटांत धरून वाजवी आणि चौथा खंजिरीवर ठेका धरी. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. केवळ वाजवण्याची ढब निराळी, आणि त्या काळी अनेक वादक ती हनुवटीखाली न धरता छातीशी टेकवून वाजवीत. फिडल, बँजो, हाडे आणि खंजिरी या चार वाद्यांचा मेळ हा या संगीताचा गाभा आहे. हिवाळ्यात लढाया थांबत आणि सैन्य लाकडी ओंडक्यांच्या खोपटांत महिनोन् महिने मुक्काम करी, तेव्हा याच मेळावर पुरुष पुरुषांबरोबर नाचत. जोडीत स्त्रीची जागा घेणाऱ्याच्या दंडाला ओळखीसाठी रुमाल बांधलेला असे.

या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि त्यांतले बहुसंख्य गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर अशा रोगांनी मेले. तळ ही विसाव्याची जागा होती तशीच मरणाचीही होती. संध्याकाळच्या त्या दोन तासांचे मोल त्यामुळेच मोठे होते, असे मला वाटते.

बँजो म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तोच ना?

हा प्रश्न मराठी श्रोत्यांखेरीज कोणीच विचारत नाही, आणि तो अगदी रास्त आहे. मुंबईत आणि कोकणात ज्याला आपण बँजो म्हणतो, ते मूळचे बुलबुल तरंग. टंकयंत्रासारख्या कळा दाबून तारेवर सूर काढण्याची ही कल्पना जपानमध्ये १९१२ च्या सुमारास तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यावरून आली. पुढे त्याला वीज जोडली गेली, ध्वनिवर्धक आले आणि बँजो पार्टी उभी राहिली. अमेरिकी बँजोशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे.

अमेरिकी बँजोचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे असेल, तर डफ आठवावा. लाकडी कड्यावर कातडे ताणून बसवलेले, त्याला लांब दांडी जोडलेली, कातड्यावर घोडी टेकवलेली आणि तिच्यावरून पाच तारा गेलेल्या. यांपैकी चार तारा पूर्ण लांबीच्या असतात. पाचवी आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या मध्यावर असते आणि ती अंगठ्याने मधूनमधून छेडायची असते. सतारीच्या चिकारीचे काम ज्याला माहीत आहे, त्याला ही पाचवी तार लगेच समजते.

मग हा बँजो मूळचा कोणाचा?

आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा. या प्रश्नाचे उत्तर मी कोणत्याही कार्यक्रमात टाळत नाही. पश्चिम आफ्रिकेत भोपळ्यावर कातडे मढवून, दांडी लावून केलेली तंतुवाद्ये आजही वाजतात. सेनेगल आणि गांबिया भागातील जोला लोकांचे आकोंटिंग हे त्यांपैकी एक, आणि त्याच्या आखूड तारेवर अंगठा चालतो. कॅरिबियन बेटांवर सतराव्या शतकाच्या अखेरीस अशा वाद्यांची चित्रे काढली गेली होती. थॉमस जेफरसन यांनी १७८० च्या दशकात लिहिले, की हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणले. दक्षिण कॅरोलायनात जॉन रोज याने त्याच सुमारास रंगवलेले एक जलरंगचित्र आज विल्यम्सबर्गच्या संग्रहालयात आहे. त्यात मळ्यावरची कृष्णवर्णीय माणसे नाचत आहेत, एक जण भोपळ्याचा बँजो वाजवत आहे आणि आखूड तारेची खुंटी त्यात स्पष्ट दिसते.

हे तपशील अशासाठी सांगायचे, की पाचवी तार व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने शोधून काढली, ही कथा अजून सांगितली जाते. स्वीनी १८१० च्या सुमारास ॲपोमॅटॉक्सजवळ जन्मला, कृष्णवर्णीय वादकांकडून शिकला आणि त्याने हे वाद्य रंगमंचावर नेले, एवढे खरे. आखूड तार मात्र त्याच्या जन्माआधीच्या चित्रात आहे. त्याचा धाकटा भाऊ सॅम युद्धात दक्षिणेच्या घोडदळाचा सेनापती जेब स्टुअर्ट याच्या पदरी बँजोवादक होता आणि १८६४ च्या आरंभी देवीच्या साथीत दगावला.

लढाईवर निघालेल्या सैनिकाकडे वाद्ये कुठून येत?

काहींनी घरून आणलेली असत, काही तळाजवळच्या गावातून विकत घेतलेली असत आणि उरलेली हाताने बनवलेली असत. एडविन फोर्ब्ज हा चित्रकार उत्तरेच्या सैन्याबरोबर हिंडून रेखाटने करी. त्याच्या एका प्रसिद्ध कोरीव चित्रात शेकोटीपाशी बसलेला सैनिक सिगारच्या खोक्याची फिडल वाजवताना दिसतो. हाडांना तर पैसेही लागत नसत. खाटकाकडून बरगडी आणायची, उकळून स्वच्छ करायची आणि वीतभर लांबीचे तुकडे घासून गुळगुळीत करायचे.

ते कोणती गाणी गात?

देशभक्तीची गाणी होतीच. शिकागोच्या जॉर्ज रूट याचे ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’ १८६२ मध्ये आले आणि उत्तरेच्या सैन्यात ते वणव्यासारखे पसरले. दक्षिणेने तीच चाल उचलून तिच्यावर आपले शब्द बसवले, हे त्याहून विलक्षण आहे. दोन्ही बाजूंचे सैनिक एकच भाषा बोलत होते, त्याच चालींवर वाढले होते, त्यामुळे गाणी सीमा ओलांडत राहिली.

तरीही तळावरच्या रात्री सर्वाधिक गायली गेली ती घराची ओढ लावणारी गाणी. युद्धाआधीचे ‘लोरेना’ हे विरहगीत दोन्हीकडे लाडके होते. ‘होम, स्वीट होम’ची तर गोष्टच झाली आहे. ३० डिसेंबर १८६२ च्या रात्री टेनेसीतील मर्फ्रीसबरोजवळ दोन्ही सैन्ये एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर पडून होती. दोन्हीकडचे बँड आधी आपापली गीते मोठमोठ्याने वाजवत एकमेकांना आव्हान देत होते. मग एका बँडने ‘होम, स्वीट होम’ धरले आणि एकेक करत दोन्ही बाजूंचे सारे बँड त्यात सामील झाले. पहाटे लढाई सुरू झाली. तीत मेलेले, जखमी आणि बेपत्ता यांची संख्या २३ हजारांहून अधिक होती.

सैनिकांचा विनोदही या गाण्यांतून दिसतो. स्टीफन फॉस्टर याने १८५४ मध्ये गरिबीच्या दिवसांना ‘पुन्हा येऊ नका’ अशी विनवणी करणारे एक करुण गीत लिहिले होते. सैनिकांनी त्यातली ‘गरिबी’ काढून तिच्या जागी शिध्यात मिळणारे ‘हार्डटॅक’ हे बिस्किट घातले. मीठ, पीठ आणि पाणी यांचे, दगडासारखे टणक, पुष्कळदा किडे पडलेले हे चौकोनी बिस्किट रोज खावे लागे. आमच्या ताफ्यातला फिडलवाला ते घरी भाजून आणतो आणि कार्यक्रमात एक तुकडा लाकडी पेटीवर आपटून दाखवतो. त्याचा आवाज ऐकल्यावर गाण्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

हे संगीत म्हणजे ब्लूग्रास किंवा कंट्री म्युझिक आहे का?

नाही. ब्लूग्रास या बऱ्याच नंतरच्या अमेरिकी संगीतप्रकारातला वेगवान, तीन बोटांचा बँजो अर्ल स्क्रग्ज याच्यामुळे १९४५ च्या अखेरीपासून देशभर गाजला. त्या बँजोला धातूच्या तारा, पडदे आणि मागे लाकडी तबकडी असते. सैनिकांच्या बँजोला यांतले काहीच नसते.

त्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते. मग ते कसे वाजवत हे तुम्हाला कसे कळते?

एडिसनचे यंत्र १८७७ मध्ये आले, म्हणजे युद्ध संपून बारा वर्षे उलटल्यावर. तरीही आपण पूर्णपणे अंधारात नाही. या पुनरुज्जीवनाचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच असल्याने थोडे सविस्तर लिहिते.

पहिला आधार छापील पुस्तकांचा. ब्रिग्ज या वादकाच्या नावाचे बँजोशिक्षण १८५५ मध्ये निघाले, फिल राइस याचे १८५८ मध्ये आणि फ्रँक कॉन्व्हर्सचे १८६५ मध्ये. त्यांत चाली आहेत आणि तारा कशा लावाव्यात हेही आहे. ब्रिग्जच्या पुस्तकाप्रमाणे तारा लावल्या, तर त्या आजच्या बँजोवर जुन्या रीतीने लावलेल्या तारांपेक्षा सा ते खालचा पंचम एवढ्या अंतराने उतरतात. हात कसा चालवावा तेही लिहिलेले आहे : तर्जनीच्या नखाने तारेवर वरून खाली आघात करायचा आणि लगोलग अंगठ्याने पाचवी तार किंवा आतली एखादी तार सोडायची. बोटाने तार वर खेचायची नाही. मी पहिल्यांदा हे पुस्तक उघडले, तेव्हा पुष्कळ दिवस अंगठा आणि नख यांचे जमेना. मग एके दिवशी आघात मनगटातून येतो हे हाताला कळले आणि छापलेल्या ओळीतून अचानक एक डौलदार चाल उठून उभी राहिली. ते वळण पुस्तकात लिहिलेले नाही, पण पुस्तकाशिवाय ते सापडलेही नसते.

दुसरा आधार माणसांचा. व्हर्जिनियातील ग्लेन लिन या गावी हेन्री रीड नावाचे फिडलवादक राहत. त्यांचा जन्म १८८४ चा. ॲलन जबूर हा तरुण संशोधक १९६६ मध्ये ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्याकडे गेला आणि १९६७ पर्यंत त्यांचे वादन टिपत राहिला. ती १८० हून अधिक ध्वनिमुद्रणे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कोणीही ती ऐकू शकतो. रीड यांनी लहानपणी काही चाली क्विन्स डिलियन नावाच्या वृद्धाकडून उचलल्या होत्या, आणि हा डिलियन मेक्सिकोच्या युद्धात आणि यादवी युद्धात बासरीसारखे फाइफ वाजवणारा सैनिक होता. म्हणजे त्या पिढीच्या माणसाकडून ऐकलेली चाल, केवळ एका कानातून जाऊन, टेपवर उतरली. जबूर आणि त्याच्या मित्रांच्या तंतुवाद्यांच्या ताफ्याने या चाली पुढे अनेकांना शिकवल्या.

प्रत्यक्ष युद्धात लढलेल्या माणसाच्या हातचा आवाजही आपल्याजवळ आहे. हेन्री गिलिलंड हा दक्षिणेच्या सैन्यातून लढलेला टेक्ससचा फिडलवादक १९२२ च्या उन्हाळ्यात जुन्या सैनिकांच्या मेळाव्यासाठी व्हर्जिनियात रिचमंडला आला होता. तेथून तो ‘एक’ (Eck) रॉबर्टसन या तरुण फिडलवादकासह थेट न्यूयॉर्कला गेला आणि ३० जूनला दोघांनी व्हिक्टर कंपनीसाठी ‘आर्कान्सा ट्रॅव्हलर’ वाजवले. कंट्री संगीताच्या इतिहासात ही तबकडी अगदी आरंभीची मानली जाते. मी मात्र ती वेगळ्या कारणासाठी ऐकते : सत्तरी उलटलेल्या त्या माणसाचा गज तारेवर कुठे जोर देतो आणि कुठे सैल सोडतो, हे समजून घेण्यासाठी.

मूळ वाद्यांचाच हट्ट कशासाठी? आजच्या बँजोवर त्याच चाली वाजणार नाहीत का?

वाजतील, पण आवाज बदलेल आणि आवाजाबरोबर लयही बदलेल. जुन्या बँजोला मेंढीच्या आतड्याच्या तारा, म्हणजे तात असे. तिचा नाद धातूसारखा खणखणत नाही. तो मऊ, खोल आणि लवकर विरणारा असतो. सूर लवकर विरतो म्हणून वादक घाई करत नाही, दोन आघातांमध्ये जागा ठेवतो आणि त्या जागेत हाडांचा ठेका बसतो. पडदे नसल्यामुळे सरोदासारखी मींड घेता येते. एकदा तात लावून वाजवले, की पुस्तकात तसेच का लिहिले आहे ते आपोआप उलगडते.

कातडे मात्र फार छळते. एका जुलै महिन्यात पोटोमॅक नदीकाठी आमचा कार्यक्रम होता. हवेत इतका दमटपणा होता, की दुसऱ्या गाण्यातच बँजोचे कातडे सैल पडले, घोडी आत बसली, तारा दांडीला चिकटल्या आणि सुराऐवजी नुसता धप्प आवाज येऊ लागला. सातारा जिल्ह्यात लहानपणी जत्रेत पाहिलेला शाहीर मला आठवला. फडात उभे राहण्याआधी तो डफ शेकोटीवर धरून फिरवी आणि बोटाने टिचकी मारून पाही. मीही तेच केले. शेकोटीपासून हातभर अंतरावर बँजो धरून कातडे सावकाश शेकले, टिचकी मारत राहिले, आणि पाचेक मिनिटांत आवाज परत आला. आता प्रत्येक कार्यक्रमाआधी मी हे करते.

‘अशोकन फेअरवेल’ ही प्रसिद्ध धून का वाजवत नाही?

कारण ते युद्धकाळातले नाही. जे अंगर या फिडलवादकाने ते १९८२ मध्ये रचले. सप्टेंबर १९९० मध्ये केन बर्न्स यांची यादवी युद्धावरील माहितीपट-मालिका दूरदर्शनवर आली, तिच्यात ही धून वारंवार वाजली आणि ती त्या काळातलीच आहे असा समज रूढ झाला. रचना अतिशय सुंदर आहे. कार्यक्रम संपल्यावर कोणी आग्रह केला, तर आम्ही ती वाजवतो, पण रचनाकाराचे नाव आणि साल आधी सांगून.

यांतल्या अनेक गाण्यांत कृष्णवर्णीयांची टिंगल आहे, असे ऐकले. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅन एमेट आणि त्याच्या तीन साथीदारांनी जळक्या बुचाने तोंडे काळी करून फिडल, बँजो, खंजिरी आणि हाडे असा पूर्ण कार्यक्रम केला. ‘मिन्स्ट्रेल शो’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार देशभर तुफान चालला. ज्यांच्याकडून वाद्य घेतले, त्यांनाच मूर्ख आणि आळशी ठरवून हसणे हा त्याचा धंदा होता. सैनिकांना पाठ असलेल्या चालींपैकी फार मोठा वाटा येथून आला. ‘डिक्सी’सुद्धा एमेटचीच, १८५९ ची.

आम्ही यावर बराच वाद घातला आणि काही गोष्टी ठरवल्या. अपमानास्पद शब्द असलेली गाणी आम्ही गात नाही. त्यांची चाल तेवढी वाजवतो आणि शब्द का गाळले ते श्रोत्यांना सांगतो. काही गट शब्द गुपचूप बदलून घेतात. मला ते पटत नाही, कारण मग श्रोता घरी जाताना हे संगीत निर्मळ होते असे समजून जातो. सगळेच वाजवणे बंद करावे असेही मला वाटत नाही, कारण तसे केले तर कृष्णवर्णीय वादकांच्या हातून आलेला ठेका आणि अंगठ्याचे ते काम पुन्हा एकदा पुसले जाईल.

कृष्णवर्णीय सैनिकांची स्वतःची गाणी मिळतात का?

मिळतात. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. दक्षिण कॅरोलायनात मुक्त झालेल्या गुलामांच्या पलटणीचा प्रमुख टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन संध्याकाळी शेकोट्यांजवळ जाऊन उभा राही, अंधारात, कधी कधी खिशात हात घालून गाण्याचे शब्द टिपून घेई आणि नंतर तंबूत जाऊन ते नीट लिहून काढी. त्याने ही गाणी जून १८६७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त छापली. त्यांतल्या एका गीतात आता मापून दिलेला मका नाही, मुकादमाचा चाबूक नाही, असे एकेक मोजून सांगितले आहे. त्याच वर्षी ॲलन, वेअर आणि लुसी मकिम गॅरिसन या तिघांनी गुलामांच्या गीतांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध केला. ही गाणी टाळ्यांवर आणि गळ्यांवर चालणारी आहेत. आम्ही ती वाद्यांशिवाय गातो.

दक्षिणेची गाणी वाजवणे म्हणजे दक्षिणेची बाजू घेणे नव्हे का?

ते कसे आणि कुठे वाजवले जाते यावर अवलंबून आहे. दक्षिणेची राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटली. मिसिसिपीच्या १८६१ च्या जाहीरनाम्यात ते स्वच्छ लिहिलेले आहे. आम्ही त्यांच्या झेंड्याखाली वाजवत नाही आणि त्या बाजूचा उदोउदो होणाऱ्या समारंभांना जात नाही. चाली मात्र वाजवतो. दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिल १८६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी जमलेल्या लोकांसमोर बँडला ‘डिक्सी’ वाजवायला सांगितले. ही चाल आपल्या फार आवडीची आहे आणि आता ती आपण रीतसर जिंकली आहे, अशा अर्थाचे ते बोलले होते.

हे पुनरुज्जीवन कोणी आणि कधी सुरू केले?

युद्धाच्या शताब्दीला, म्हणजे १९६१ नंतर, जुने गणवेश घालून लढाया उभ्या करण्याचा छंद वाढला. त्या छंदातूनच, रात्री तळावर बसून गाताना, काही ताफे तयार झाले. १९८९ मध्ये सुरू झालेला ‘सेकंड साउथ कॅरोलायना स्ट्रिंग बँड’ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. मात्र कृष्णवर्णीय वादक या वर्तुळात फारसे दिसत नसत. एप्रिल २००५ मध्ये उत्तर कॅरोलायनातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला आणि चित्र बदलू लागले. तेथे भेटलेल्या तरुणांनी ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा ताफा काढला. ‘जो’ (Joe) थॉम्पसन या वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी जाऊन ते शिकले आणि त्यांच्या २०१० च्या संग्रहाला ग्रॅमी मिळाले. त्यांतली ऱ्हियानन गिडन्स जुन्या घडणीचा, पडदे नसलेला बँजो वाजवते. तिचा बँजो ऐकल्यावर मी माझा विकत घेतला.

मला शिकायचे आहे. सुरुवात कुठून करू?

ऐकण्यापासून. हेन्री रीड यांची ध्वनिमुद्रणे विनामूल्य आहेत. छापील गाण्यांसाठी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला लेव्ही संग्रह पाहावा. त्यात सुमारे २९ हजार जुनी स्वरलिखित गीते आहेत आणि त्यांतली जुनी पाने घरबसल्या वाचता येतात. व्हायोलिन येत असेल, तर निम्मी वाट संपलेलीच आहे. गज थोडा वरून, म्हणजे मुठीकडच्या टोकापासून दूर, धरून पाहावा. बँजो घेताना पडदे नसलेला आणि मोठ्या कड्याचा घ्यावा. खऱ्या तातीऐवजी नायलॉनच्या तारा चालतील, कारण तात महाग असते आणि दमट हवेत तुटते.

आणि यांपैकी काहीच हाताशी नसेल, तर हाडे घ्यावीत. एक तुकडा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात घट्ट धरून तळहाताला टेकवावा, तो हलू द्यायचा नाही. दुसरा मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मध्ये सैल ठेवावा. मूठ आवळू नये. नंतर, हाताला लागलेले पाणी झटकतो तसे मनगट झटकावे. पहिला आठवडा नुसता खडखडाट होईल. तीन ठोके सलग, सारख्या अंतराने पडू लागले, की फिडलवाल्याला बोलवावे.